माग्नुस हिर्शफेल्ड

डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड (जन्म : कोल्बेर्ग, प्रशिया, १४ मे १८६८, मृत्यू : नीस, फ्रान्स, १४ मे १९३५) हे जर्मन वैद्यक, लैंगिकविज्ञानाचे आद्य अभ्यासक आणि समलिंगी व पारलिंगी व्यक्तींच्या कायदेशीर हक्कांसाठी आयुष्यभर झटलेले समाजसुधारक होते. पुरुषांमधील समलिंगी संबंध हा गुन्हा ठरवणारे जर्मन दंडसंहितेतील कलम १७५ रद्द व्हावे, यासाठी त्यांनी १८९७ साली बर्लिनमध्ये वैज्ञानिक-मानवतावादी समितीची स्थापना केली. या उद्देशाने स्थापन झालेली ही जगातील पहिली संघटना मानली जाते. १९१९ साली त्यांनी बर्लिनमध्येच लैंगिकविज्ञान संस्था सुरू केली. ही संस्था मे १९३३ मध्ये नाझींनी उद्ध्वस्त केली. हिर्शफेल्ड यांचा मृत्यू निर्वासित अवस्थेत झाला आणि ज्या कलमाविरुद्ध ते लढले, ते त्यांच्या मृत्यूनंतर तब्बल ५९ वर्षांनी जर्मन कायद्यातून पूर्णपणे वगळले गेले.

बालपण व शिक्षण

हिर्शफेल्ड यांचा जन्म बाल्टिक समुद्रकिनाऱ्यावरील कोल्बेर्ग या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये असून कोवोब्झेग या नावाने ओळखले जाते. त्यांचे वडील हेर्मान हिर्शफेल्ड हे गावातील नामवंत डॉक्टर होते. सार्वजनिक आरोग्यासाठी त्यांनी केलेल्या कामामुळे गावात त्यांना मोठा मान होता.

माग्नुस यांनी आरंभी ब्रेस्लाउ येथे तत्त्वज्ञान व भाषाशास्त्र हे विषय घेतले. परंतु लवकरच ते वैद्यकशास्त्राकडे वळले. स्ट्रासबुर्ग, म्युनिक, हायडेलबेर्ग आणि बर्लिन येथे शिक्षण घेऊन १८९२ साली त्यांनी वैद्यकातील डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ते काही महिने अमेरिकेत राहिले. शिकागो येथील १८९३ चे जागतिक प्रदर्शन त्यांनी पाहिले आणि वृत्तपत्रांसाठी लेखन करून प्रवासखर्च भागवला. जर्मनीत परतल्यावर त्यांनी माग्देबुर्ग येथे व्यवसाय सुरू केला आणि १८९६ मध्ये ते बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग येथे स्थायिक झाले.

कलम १७५ ची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्व जर्मन राज्यांचा कायदा एकसारखा नव्हता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या विचारांचा प्रभाव असलेल्या बव्हेरियाने १८१३ मध्येच प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांवरील शिक्षा काढून टाकली होती. हानोवरनेही पुढे तोच मार्ग धरला. प्रशियाने मात्र ही शिक्षा कायम ठेवली. १८७१ मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले, तेव्हा नव्या साम्राज्याची दंडसंहिता प्रशियाच्या नमुन्यावर तयार झाली आणि कलम १७५ संपूर्ण देशाला लागू झाले. ज्या प्रदेशांत दोन पिढ्या हा गुन्हा नव्हता, तेथेही तो पुन्हा गुन्हा ठरला.

हे संकट येण्यापूर्वीच हानोवरचे कायदेपंडित कार्ल हाइन्रिख उलरिख्स यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. २९ ऑगस्ट १८६७ रोजी म्युनिक येथे भरलेल्या जर्मन विधिज्ञांच्या परिषदेत त्यांनी हा कायदा रद्द करण्याची मागणी मांडली. तथापि सभागृहातील गोंधळामुळे त्यांना भाषण पूर्ण करता आले नाही. उलरिख्स यांचे लेखन पुढे विस्मृतीत गेले. १८९८ साली हिर्शफेल्ड यांनी ते पुन्हा प्रकाशित केले.

कलम १७५ केवळ पुरुषांना लागू होते. न्यायालयांनी त्याचा अर्थ मर्यादित केला होता. संभोगासारखे कृत्य सिद्ध झाले, तरच गुन्हा शाबित होत असे. बंद दाराआडच्या अशा कृत्याचा पुरावा मिळणे अवघड असल्याने प्रत्यक्ष शिक्षा झालेल्यांची संख्या तुलनेने कमी राहिली. परंतु कायद्याची खरी दहशत न्यायालयाबाहेर होती. गुपित फोडण्याची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यांचा तो एक धंदाच झाला होता. तक्रार करावी तर स्वतःच आरोपी होण्याची भीती, आणि मुकाट्याने पैसे द्यावेत तर मागणीला अंत नाही, अशा कोंडीत सापडलेल्या अनेकांनी आत्महत्येचा मार्ग पत्करला.

हिर्शफेल्ड यांच्या कार्याचा आरंभ अशाच एका मृत्यूतून झाला. त्यांच्याकडे उपचारासाठी येणाऱ्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने विवाहाच्या पूर्वसंध्येला स्वतःवर गोळी झाडून घेतली. आपली व्यथा लोकांपुढे मांडावी, अशी विनंती त्याने पत्राने हिर्शफेल्ड यांना केली होती. इंग्लंडमध्ये १८९५ साली लेखक ऑस्कर वाइल्ड यांना झालेल्या शिक्षेचाही हिर्शफेल्ड यांच्या मनावर परिणाम झाला होता. १८९६ मध्ये त्यांनी टे. रामिएन या टोपणनावाने 'झाफो उंट सोक्राटेस' ही पुस्तिका लिहिली. समलिंगी आकर्षण जन्मजात असते, म्हणून त्याबद्दल शिक्षा देणे अन्यायाचे आहे, असा तिचा आशय होता.

वैज्ञानिक-मानवतावादी समिती

१५ मे १८९७ रोजी हिर्शफेल्ड यांच्या शार्लोटेनबुर्ग येथील राहत्या घरी समितीची स्थापना झाली. प्रकाशक माक्स श्पोर, रेल्वे अधिकारी एडुआर्ड ओबेर्ग आणि लेखक फ्रान्झ योझेफ फॉन ब्युलो हे त्यांचे सहसंस्थापक होते. विज्ञानाच्या मार्गाने न्यायाकडे, या अर्थाचे लॅटिन वचन समितीने ब्रीदवाक्य म्हणून स्वीकारले. वस्तुस्थिती निर्विवादपणे मांडली की कायदे करणारे ती मान्य करतील, हा विश्वास या ब्रीदामागे होता आणि हिर्शफेल्ड यांच्या पुढील सर्व यशापयशाचे मूळही त्यातच होते.

समितीने संसदेला सादर करण्यासाठी एक विनंतीअर्ज तयार केला. प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्हा मानू नयेत. बळजबरी, अल्पवयीनांशी संबंध आणि सार्वजनिक ठिकाणचे कृत्य यांबद्दलची शिक्षा मात्र राहावी, अशी त्यातील मागणी होती. जानेवारी १८९८ मध्ये समाजवादी पक्षाचे नेते आउगुस्ट बेबेल यांनी संसदेत या अर्जाच्या बाजूने भाषण केले. बर्लिनच्या पोलिसांना माहीत असलेल्या सर्वांवर खटले भरायचे म्हटले तर तुरुंग अपुरे पडतील, असा त्यांचा मुद्दा होता. बहुसंख्य सदस्यांनी ही मागणी धुडकावली. १९०५ मध्येही तिची तीच गत झाली.

तरीही स्वाक्षऱ्या गोळा करण्याचे काम थांबले नाही. पुढील तीन दशकांत डॉक्टर, न्यायाधीश, प्राध्यापक, लेखक व कलावंत अशा पाच हजारांहून अधिक व्यक्तींनी अर्जाला पाठिंबा दिला. त्यांत अल्बर्ट आइन्स्टाइन, थॉमस मान, हेर्मान हेस, राइनर मारिया रिल्के आणि चित्रकार केटे कोल्विट्झ यांचा समावेश होता.

१९०९ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या दंडसंहितेच्या मसुद्यात हे कलम स्त्रियांनाही लागू करण्याची तरतूद होती. त्या वेळी हिर्शफेल्ड यांनी स्त्रीवादी नेत्या हेलेने श्टोकर आणि त्यांच्या मातृत्वरक्षण संघाशी सहकार्य करून तिला विरोध केला. एकत्र राहणाऱ्या कोणत्याही दोन स्त्रियांवर संशय घेण्याची मुभा या तरतुदीने मिळाली असती. पहिल्या महायुद्धामुळे तो मसुदा मागे पडला.

कायदे व खटल्यांची नोंद

१८९९ पासून समितीने एक वार्षिक प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. लैंगिक मध्यावस्थांचे वार्षिक असा त्याच्या नावाचा अर्थ होता. ते १९२३ पर्यंत प्रसिद्ध होत राहिले. त्यात वैद्यकीय निबंध, चरित्रे आणि इतिहासविषयक लेख असत. त्याचबरोबर चालू कायदे, नवे मसुदे, न्यायालयांचे निकाल, पैसे उकळण्याची प्रकरणे आणि वृत्तपत्रांतील बातम्या यांचीही पद्धतशीर दखल घेतली जाई.

या कामात अल्सेसमधील कायदेपंडित व न्यायाधीश ओइगेन विल्हेल्म यांचा वाटा मोठा होता. पदावर असल्यामुळे ते नुमा प्रेटोरियुस या टोपणनावाने लिहीत. समलिंगी संबंधांवरील दंडविषयक कायद्यांचा ऐतिहासिक व चिकित्सक आढावा त्यांनी पहिल्याच अंकात घेतला आणि पुढे दरवर्षी नव्या साहित्याचे परीक्षण केले. एकट्यादुकट्याची लाजिरवाणी गोष्ट म्हणून दडपली जाणारी प्रकरणे एकापुढे एक मांडली गेल्यावर तो एका कायद्याचा परिणाम आहे, हे वाचकाच्या ध्यानात येऊ लागले.

माहिती गोळा करणाऱ्यालाही कायद्याचा फटका बसू शकतो, याचा अनुभव हिर्शफेल्ड यांना लवकरच आला. समलिंगी व्यक्तींचे लोकसंख्येतील प्रमाण काढण्यासाठी त्यांनी १९०३ मध्ये शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रविद्यालयाच्या सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांना निनावी उत्तराची प्रश्नपत्रिका पाठवली. पुढील वर्षी धातुकामगारांची अशीच पाहणी केली. काही विद्यार्थ्यांनी हा आपला अपमान असल्याची तक्रार केली आणि १९०४ मध्ये न्यायालयाने हिर्शफेल्ड यांना २०० मार्क दंड ठोठावला.

मोल्टके–हार्डेन खटला

१९०७ साली पत्रकार माक्सिमिलियान हार्डेन यांनी सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या निकटवर्तीयांवर समलिंगी असल्याचे सूचित करणारे लेख लिहिले. त्यांचा रोख प्रिन्स ऑइलेनबुर्ग आणि जनरल कुनो फॉन मोल्टके यांच्यावर होता. मोल्टके यांनी हार्डेन यांच्यावर बदनामीचा खटला भरला. ऑक्टोबर १९०७ मध्ये हिर्शफेल्ड तज्ज्ञ म्हणून साक्षीस उभे राहिले. मोल्टके यांच्या घटस्फोटित पत्नीची साक्ष ऐकून आणि त्यांचे स्वतःचे निरीक्षण करून, त्यांची मनोवृत्ती समलिंगी असल्याचा अभिप्राय त्यांनी दिला. त्यांनी कोणतेही गुन्हेगारी कृत्य केल्याचे मात्र हिर्शफेल्ड यांनी म्हटले नव्हते. हार्डेन निर्दोष सुटले.

हा निकाल लवकरच रद्द करण्यात आला. दुसऱ्या सुनावणीत मोल्टके यांच्या माजी पत्नीची साक्ष अविश्वसनीय ठरवली गेली आणि हिर्शफेल्ड यांनी आपला अभिप्राय मागे घेतला. जानेवारी १९०८ मध्ये हार्डेन यांना चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. १९०९ मधील तिसऱ्या सुनावणीअंती ते दंडावर सुटले.

या प्रकरणाने हिर्शफेल्ड यांच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. उच्चपदस्थ समलिंगी व्यक्तींची नावे उघड करून सरकारला कोंडीत पकडावे, असा आग्रह चळवळीतील काही जण धरत असत. हिर्शफेल्ड यांनी तो मार्ग नेहमीच नाकारला होता. असे असूनही एका माणसाचे खाजगी स्वरूप त्याच्या इच्छेविरुद्ध भर न्यायालयात जाहीर करण्याचे काम त्यांच्याच हातून घडले. समलिंगी असणे ही लाजेची गोष्ट नाही, म्हणून तसे सांगणे ही बदनामी नव्हे, ही त्यांची भूमिका तत्त्वतः सुसंगत होती. परंतु ज्या समाजात या शब्दाने माणूस आयुष्यातून उठत होता, तेथे तिचा परिणाम उलटाच झाला. अनेक देणगीदारांनी समितीची साथ सोडली आणि ज्यूद्वेष्ट्या वृत्तपत्रांनी हिर्शफेल्ड यांच्यावर झोड उठवली.

वेश, नाव आणि पोलिसांचा दाखला

१९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'डी ट्रान्सव्हेस्टिटेन' या ग्रंथात हिर्शफेल्ड यांनी जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळ्या लिंगाचा वेश परिधान करण्याची तीव्र आंतरिक गरज असणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास मांडला. ट्रान्सव्हेस्टाइट हा शब्द त्यांनीच रूढ केला. अशी व्यक्ती समलिंगी असेलच असे नाही, वेश आणि आकर्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी उदाहरणांनिशी दाखवून दिले.

दुसऱ्या लिंगाचा वेश घालण्यास जर्मनीत थेट मनाई करणारा कायदा नव्हता. तथापि सार्वजनिक शांततेचा भंग किंवा गैरवर्तन या कलमांखाली पोलीस अशा व्यक्तींना अटक करू शकत. १९१० च्या सुमारास हिर्शफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या वैद्यकीय अभिप्रायावरून बर्लिन पोलिसांनी एक विशेष दाखला देण्यास सुरुवात केली. दाखलाधारक पुरुषाचा किंवा स्त्रीचा वेश घालतो, याची पोलिसांना माहिती आहे, एवढेच त्यात नमूद केलेले असे. हा दाखला म्हणजे हक्क नव्हता. तो मिळवण्यासाठी डॉक्टरांपुढे स्वतःला सिद्ध करावे लागे आणि पोलिसांच्या दप्तरी नोंद होई. परंतु रस्त्यावर अडवल्यावर खिशातून काढून दाखवता येईल असा कागद लोकांच्या हाती पहिल्यांदाच आला होता.

कागदोपत्री लिंगबदलाच्या प्रकरणांतही हिर्शफेल्ड यांनी साहाय्य केले. कार्ल बेर यांची जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली होती. जानेवारी १९०७ मध्ये त्यांना पुरुष म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. त्याच वर्षी टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथनाला हिर्शफेल्ड यांनी उपसंहार लिहिला.

लैंगिकविज्ञान संस्था

महायुद्धानंतर जर्मनीत प्रजासत्ताक स्थापन झाले आणि हिर्शफेल्ड यांच्या कामाला अनुकूल वातावरण लाभले. ६ जुलै १९१९ रोजी बर्लिनच्या टियरगार्टन भागातील एका प्रशस्त वास्तूत लैंगिकविज्ञान संस्थेचे उद्घाटन झाले. तेथे रुग्णांची तपासणी, विवाहविषयक समुपदेशन, संततिनियमनाची माहिती, गुप्तरोगांवर उपचार, ग्रंथालय, संग्रहालय आणि सार्वजनिक व्याख्याने अशी अनेक कामे एकाच छपराखाली चालत. खटल्यात अडकलेल्यांसाठी न्यायालयाला सादर करावयाचे तज्ज्ञ अभिप्रायही तेथे तयार होत.

संस्थेशी संबंधित शल्यचिकित्सकांनी लिंगबदलाच्या आरंभीच्या शस्त्रक्रिया केल्या. संस्थेत घरकाम करणाऱ्या डोरा रिख्टर यांच्यावर १९३१ साली डॉ. लुडविग लेवी-लेन्झ व डॉ. एर्विन गोरबान्ट यांनी शस्त्रक्रिया केली. डॅनिश चित्रकार लिली एल्बे यांचीही १९३० मध्ये हिर्शफेल्ड यांनी तपासणी केली होती.

१९१९ सालीच दिग्दर्शक रिचर्ड ओस्वाल्ड यांचा 'आंडर्स आल्स डी आंडर्न' हा मूकपट प्रदर्शित झाला. इतरांहून वेगळे, असा या नावाचा अर्थ आहे. गुपित फोडण्याची धमकी मिळालेल्या एका व्हायोलिनवादकाची ती शोकांतिका होती. हिर्शफेल्ड यांनी तिच्या लेखनात भाग घेतला आणि डॉक्टरची भूमिकाही केली. १९२० मध्ये चित्रपटांवर पुन्हा नियंत्रणे आल्यावर या चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली गेली. आज त्याचे काही भागच उपलब्ध आहेत.

विरोधही तीव्र होत गेला. ऑक्टोबर १९२० मध्ये म्युनिक येथे व्याख्यानानंतर हिर्शफेल्ड यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. ते मरण पावल्याचे वृत्त काही वृत्तपत्रांनी छापले. शुद्धीवर आल्यावर स्वतःचे मृत्युलेख वाचण्याची वेळ त्यांच्यावर आली.

१९२९ चे मतदान

१९२२ साली कायदामंत्री गुस्टाव राडब्रुख यांनी तयार केलेल्या दंडसंहितेच्या मसुद्यातून प्रौढांमधील संमतीच्या संबंधांवरील शिक्षा वगळलेली होती. मात्र तो मसुदा संमत झाला नाही. १९२५ च्या सरकारी मसुद्यात ती पुन्हा आली. तेव्हा हिर्शफेल्ड, कुर्ट हिलर आणि श्टोकर यांच्यासह अनेक सुधारकांनी एकत्र येऊन १९२७ मध्ये पर्यायी मसुदा प्रसिद्ध केला.

१६ ऑक्टोबर १९२९ रोजी संसदेच्या दंडसंहिता समितीने १५ विरुद्ध १३ मतांनी कलम १७५ वगळण्याचा निर्णय घेतला. समितीचे अध्यक्ष विल्हेल्म काल यांचे मतही बाजूने पडले. बत्तीस वर्षांच्या खटपटीला आलेले हे सर्वांत मोठे यश होते. पण त्याच बैठकांत एका नव्या कलमाला मंजुरी मिळाली. पैसे घेऊन समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, २१ वर्षांखालील तरुणांशी संबंध आणि हाताखालील व्यक्तीचा गैरफायदा घेणे यांसाठी त्यात अधिक कडक शिक्षा होती. बेकारीच्या काळात पोटासाठी या मार्गाला लागलेल्या गरीब तरुणांना त्याचा फटका बसणार होता. यश मानावे की माघार, यावरून समितीत मतभेद झाले. हिर्शफेल्ड यांच्या कार्यपद्धतीवर टीका झाली आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये त्यांनी समितीचे अध्यक्षपद सोडले.

समितीचा निर्णय पूर्ण सभागृहापुढे कधीच संमत झाला नाही. आर्थिक मंदी आणि १९३० च्या निवडणुकीतील नाझी पक्षाची मुसंडी यांमुळे हा विषय कायमचा बाजूला पडला.

विश्वप्रवास व भारतभेट

नोव्हेंबर १९३० मध्ये हिर्शफेल्ड व्याख्यानांसाठी अमेरिकेला गेले. तेथील वृत्तपत्रांनी त्यांना लैंगिकविज्ञानाचे आइन्स्टाइन अशी उपाधी दिली. जर्मनीतील परिस्थिती पाहून त्यांनी परतणे लांबवले आणि जपान, चीन, इंडोनेशिया, भारत, इजिप्त व पॅलेस्टाइन असा प्रवास केला. शांघाय येथे त्यांची वैद्यकाचे विद्यार्थी ली श्यू टोंग यांच्याशी भेट झाली. ली हे पुढे त्यांचे शिष्य व जीवनसाथी झाले.

१९३१ मध्ये हिर्शफेल्ड यांनी भारतात कोलकाता, अलाहाबाद, मुंबई आदी शहरांना भेट दिली. अलाहाबाद येथे त्यांना नेहरू कुटुंबाचे आतिथ्य लाभले. भारताच्या स्वातंत्र्याच्या मागणीबद्दल त्यांना सहानुभूती होती. कॅथरीन मेयो यांच्या 'मदर इंडिया' या पुस्तकात भारतीयांच्या लैंगिक जीवनाचे जे एकांगी चित्र रंगवले होते, त्यावर त्यांनी आपल्या प्रवासग्रंथात टीका केली. ज्या वेळी ते मुंबईत आले, त्या वेळी ब्रिटिशांनी केलेल्या भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ येथे लागू होते. याच काळात मुंबईत र. धों. कर्वे हे 'समाजस्वास्थ्य' या मासिकातून लैंगिक शिक्षणाचा प्रसार करत होते आणि त्यांनाही अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते.

संस्थेचा विध्वंस व अखेरची वर्षे

१९३२ मध्ये हिर्शफेल्ड युरोपात परतले. पण जिवाला धोका असल्याने त्यांनी पुन्हा जर्मनीत पाऊल ठेवले नाही. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी संस्थेवर हल्ला चढवून ग्रंथालयाची लूट केली. १० मेच्या रात्री बर्लिनच्या ऑपेरा चौकात हजारो पुस्तकांची होळी करण्यात आली. हिर्शफेल्ड यांचा अर्धपुतळाही मिरवत तेथे नेण्यात आला. चार दशके जमवलेले ग्रंथ, छायाचित्रे व नोंदी जळत असल्याचे दृश्य हिर्शफेल्ड यांनी पॅरिसच्या एका चित्रपटगृहात वृत्तपटात पाहिले.

फ्रान्समध्ये संस्था पुन्हा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न सफल झाला नाही. अखेरचे दिवस त्यांनी नीस येथे काढले. १४ मे १९३५ रोजी, आपल्या ६७ व्या वाढदिवशी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी नीसच्या कोकाद दफनभूमीत आहेत. संस्थेतील त्यांचे दीर्घकाळचे सहकारी व जीवनसाथी कार्ल गीझे यांनी १९३८ मध्ये ब्रनो येथे आत्महत्या केली. ली श्यू टोंग यांनी हिर्शफेल्ड यांचे काही कागद १९९३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत सांभाळून ठेवले.

मृत्यूनंतर कलम १७५ चा प्रवास

हिर्शफेल्ड यांच्या मृत्यूनंतर अवघ्या सहा आठवड्यांत, २८ जून १९३५ रोजी, नाझी सरकारने कलम १७५ अधिक कठोर केले. संभोगसदृश कृत्याची अट गेली आणि केवळ स्पर्श किंवा नजरेवरूनही शिक्षा होऊ लागली. नाझी राजवटीत सुमारे ५०,००० पुरुष दोषी ठरले. पाच ते पंधरा हजार जणांना छळछावण्यांत पाठवले गेले आणि त्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण लावण्यात आला.

युद्धानंतर पूर्व जर्मनीने कलमाचे जुने रूप स्वीकारले आणि १९६८ मध्ये प्रौढांसाठी ते रद्द केले. पश्चिम जर्मनीने मात्र नाझी काळातील कठोर रूपच कायम ठेवले. तेथील संविधान न्यायालयाने १० मे १९५७ रोजी ते वैध ठरवले. पुस्तकांच्या होळीला त्या दिवशी बरोबर २४ वर्षे झाली होती. १९६९ पर्यंत तेथेही सुमारे ५०,००० जणांना शिक्षा झाल्या. १९६९ व १९७३ मध्ये कायदा शिथिल झाला आणि १९९४ साली एकीकृत जर्मनीने कलम १७५ पूर्णपणे काढून टाकले. नाझी काळातील शिक्षा २००२ मध्ये, तर युद्धोत्तर काळातील शिक्षा २०१७ मध्ये कायद्याने रद्द झाल्या आणि हयात असलेल्यांना भरपाई मिळाली.

पारलिंगी व्यक्तींना नाव व लिंगनोंद बदलण्याची मुभा देणारा कायदा पश्चिम जर्मनीत १९८० साली संमत झाला. नोंद बदलण्यासाठी शस्त्रक्रिया व वंध्यत्व यांची त्यातील अट संविधान न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली. १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार ही नोंद स्वतःच्या घोषणेने बदलता येते. त्यासाठी तज्ज्ञाचा अभिप्राय लागत नाही. पोलीस दाखल्यापासून सुरू झालेली वैद्यकीय प्रमाणपत्राची अट अशा रीतीने संपुष्टात आली.

मूल्यमापन

हिर्शफेल्ड यांच्या विचारांतील मर्यादा अभ्यासकांनी दाखवून दिल्या आहेत. समलिंगी प्रवृत्ती शरीररचनेत शोधण्याच्या आग्रहामुळे ती बदलण्याच्या वैद्यकीय प्रयोगांनाही वाट मिळाली. ग्रंथीरोपणाच्या अशा प्रयोगांकडे त्यांनी स्वतः काही काळ आशेने पाहिले होते. त्या काळातील अनेक सुधारकांप्रमाणे सुप्रजननशास्त्रावरही त्यांचा विश्वास होता. समकालीन आडोल्फ ब्रांड यांच्या गटाला तर हक्कांचा पाया वैद्यकावर रचणेच मान्य नव्हते.

सत्य सिद्ध झाले म्हणजे न्याय आपोआप मिळतो, हा हिर्शफेल्ड यांचा विश्वास त्यांच्या हयातीत खरा ठरला नाही. १९२९ मध्ये मतांचा कल बदलला तो विज्ञानाबरोबरच राजकीय बळामुळे, आणि ते बळ गेल्यावर मिळवलेलेही हातचे गेले. तथापि लोकशाही मार्गाने अर्ज, मसुदे, साक्षी व मतदान यांच्या आधारे कायदा बदलण्याची जी पद्धत त्यांनी घालून दिली, तिचाच अवलंब पुढील चळवळींनी केला. कोणत्या माणसाला कोणत्या कलमाखाली काय सोसावे लागले, याची त्यांनी ठेवलेली छापील नोंद अनेक ग्रंथालयांत पोहोचली असल्याने होळीतूनही वाचली आणि आजच्या इतिहासकारांच्या हाती आली.

निवडक ग्रंथ

झाफो उंट सोक्राटेस (१८९६)
बेर्लिन्स ड्रिट्टेस गेश्लेख्ट (१९०४) : बर्लिनमधील समलिंगी जीवनाचे वर्णन
डी ट्रान्सव्हेस्टिटेन (१९१०)
डी होमोझेक्सुआलिटेट डेस मानेस उंट डेस वाइबेस (१९१४) : पुरुष व स्त्रियांमधील समलिंगी प्रवृत्तीवरील हजारांहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ
गेश्लेख्ट्सकुंडे (१९२६–१९३०) : लैंगिकविज्ञानावरील बहुखंडी ग्रंथ
डी वेल्टराइझे आइनेस सेक्सुआलफोर्शर्स (१९३३) : विश्वप्रवासाचे वर्णन
रेसिझम (१९३८) : वंशवादावरील ग्रंथ, मरणोत्तर इंग्रजीत प्रकाशित

स्मृती

बर्लिनमध्ये श्प्रे नदीच्या एका किनारी मार्गाला २००८ साली हिर्शफेल्ड यांचे नाव देण्यात आले.
दिग्दर्शक रोझा फॉन प्राउनहाइम यांनी १९९९ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला.
२०११ साली जर्मन संघराज्य सरकारने त्यांच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन केले. समलिंगी व पारलिंगी व्यक्तींच्या इतिहासाचे संशोधन आणि भेदभावाविरुद्ध शिक्षण हे त्याचे कार्य आहे.